गळा माझा आहे

सोमवार, ३ तारीख

ताई,

प्रिय वगैरे लिहीत नाही. आई गेल्यापासून सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ते प्रेम उतू चाललंय म्हणून नाही. डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केलीय. मला! दिवसभर गाडीत बसून "क्लच सोड, हळू, हळू सोड, अगं हळू म्हणजे काय कळतं का" असं ओरडण्यावर जिचं पोट चालतं, तिला. लहानपणी तूच मला 'भोंगा' म्हणायला लागलीस. घे, बंद पडला तुझा भोंगा.

कागदावर लिहून फोटो काढून पाठवतेय. फोनवर टाइप करायला गेले की अक्षरं स्वतःची मर्जी चालवतात आणि मला अजून राग येतो.

मुद्द्याचं लिहिते. तू रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याला फोन करतेस हे मला कळलंय. तो गॅलरीत जातो, दार ओढून घेतो आणि हळू आवाजात "हो ताई, नाही ताई, जेवली ताई" करत बसतो. माझा गळा बिघडलाय, कान नाही. माझी एवढी काळजी वाटते तर माझ्या नंबरवर फोन करायचा. मी उचलला नसता, ते वेगळं.

आज पहिला शेक झाला. रेडिएशनला इथे सगळे शेकच म्हणतात, जसं काही पाठीला गरम पाण्याची पिशवी लावतायत. मागच्या आठवड्यात माझा मुखवटा बनवला होता. जाळीचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढतात आणि ओला ओलाच तोंडावर दाबतात. गार झाला की कडक होतो. कपाळापासून खांद्यापर्यंत माझ्याच चेहऱ्याचा साचा. आज तो घालून मला टेबलाला खिळवलं. बाजूंना खटके आहेत, खट् खट् खट् बसतात. नाक दाबलं जातं, ओठ हलत नाहीत, डोळे उघडले तर पापण्या जाळीला घासतात. मग सगळे बाहेर जातात आणि ते जाडजूड दार बंद होतं. तू तुझ्या शाळेत कधी कुणाला कोंडलं नसशील असं, मुख्याध्यापिका असूनसुद्धा.

छताला आकाशाचं चित्र लावलंय. निळं आकाश, पांढरे ढग, कोपऱ्यात हिरवी फांदी. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? ज्या बाईला मान हलवता येत नाही तिने ढग बघायचे? बघायला तरी कुठे येतात, जाळीतून नुसता निळा डाग दिसतो. मशीन डोक्याभोवती फिरतं, गुरगुरतं, थांबतं, पुन्हा गुरगुरतं. दुखत काहीच नाही. त्याचाच जास्त संताप आला. एवढा थयथयाट केला मनात आणि दुखलं काहीच नाही.

बाहेर बसायच्या जागी एक गृहस्थ आहेत, निवृत्त तिकीट तपासनीस. येईल जाईल त्याला सांगतात, "मन खंबीर ठेवा, अर्धा आजार तिथेच संपतो." मी वहीवर लिहून दाखवलं, "आणि उरलेला अर्धा?" तर म्हणाले, "वा, तुम्ही विनोदी आहात." मी विनोदी नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की स्वरयंत्रावर एवढासा फोड आहे, दीड महिना शेक घेतला की मोकळी. पुढच्या सोमवारी एक सलाईन लावतील म्हणे, ताकदीचं. तो फोड म्हणतो. कॅन्सर हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. दुकानात दिवसभर लोकांना चष्मे घालतो आणि मला दिसत नाही असं समजतो.

आईच्या वेळी तू जे केलंस ते इथे चालणार नाही. एवढंच सांगायला लिहिलं.

— भोंगा


मंगळवार, ४ तारीख

ताई,

तू गाठ लपवलीस.

रागात लिहितेय म्हणून अक्षर असं येतंय. तुझ्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांसारखं लाल पेनाने गोल करू नकोस.

आज मुखवटा चढवायच्या आधी माझं लक्ष त्याच्यावरच्या खुणांकडे गेलं. समोर एक फुली, आणि डावीकडे कानाखाली अजून दोन. मी मशीनवरच्या बाईंना वहीत लिहून विचारलं, "माझा फोड मध्ये आहे ना? मग डावीकडे काय?" त्या बिचाऱ्या पट्टी सरळ करत सहज म्हणाल्या, "ते मानेतल्या गाठीसाठी. तिलाही शेक द्यायचाय ना."

मी तोंडाने विचारलं. बंदी असून. "कुठली गाठ?"

आवाज असा आला की जुन्या दाराची बिजागरी. बाईंनी मशीनवरच्या दुसऱ्या माणसाकडे बघितलं. त्याने भिंतीकडे बघितलं. "डॉक्टर सांगतील हं तुम्हाला," असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला आणि खट् खट् खट्.

मशीन सुरू झालं आणि मी हात वर केला. काही झालं तर हात वर करा, आम्ही बघत असतो, असं सांगितलेलं आहे. गुरगुर बंद पडली. दार उघडलं, पावलं धावत आली. "काय होतंय? श्वास कोंडतोय? मळमळतंय?" मुखवटा काढला. मी वहीत लिहिलं, "काही नाही. मी थांबवलं तर थांबतं का, ते बघायचं होतं." बाईंनी ते वाचलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "थांबतं. कधीही. आता चालू करू?" मी मान डोलावली.

माझ्या शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तुला माहितीये. शिकणारा घाबरला की मी दाबते. पण तो पोरगा गाडीत असतो, त्याच्यासमोर दाबते. गॅलरीत जाऊन, दार ओढून नाही दाबत.

घरी आले आणि वहीच्या अख्ख्या पानावर 'गाठ' लिहून नवऱ्यासमोर धरलं. त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. मग सगळं ओकला. मानेत गाठ आहे, तपासणीत दिसली होती, मागच्या महिन्यातच. सोमवारचं सलाईन ताकदीचं नाही, केमो आहे. दर आठवड्याला लावायचंय. आणि मग म्हणाला, "ताई म्हणाल्या, आधी शेक सुरू होऊ दे, एकदा सुरू झाला की ती मागे फिरणार नाही, मग हळूच सांगू."

हळूच! स्टीलचा डबा होता हातात, तो आपटला. झाकण फ्रिजखाली गेलं, अजून तिथेच आहे. तो बिचारा तुझ्या शब्दाबाहेर जाणारा माणूस नाही. तुझ्या शब्दाबाहेर कोण गेलंय?


बुधवार, ५ तारीख

ताई,

आज शेक झाल्यावर डॉक्टरांकडे घुसले. वेळ घेतलेली नव्हती. नवरा मागून "अगं, अगं" करत आला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि त्याला विचारलं, "कशा आहेत त्या? खाणंपिणं व्यवस्थित?"

मी तिथे समोर उभी, ताई. टेबलाच्या अलीकडे. मी वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, गळा माझा आहे. ते त्यांच्या टेबलावर, कागदांच्या वर ठेवलं.

त्यांनी वाचलं. म्हणाले, "घरच्यांची विनंती होती. तुम्ही फार तापट आहात, ऐकलं तर उपचारच नाकाराल, असं त्यांचं म्हणणं पडलं." मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे. पुढचं कुणी सांगायला नको, तापट हा शब्द कुणाचा आहे ते मला ओळखता येतं.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चूक झाली," म्हणाले. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं." आणि संगणकाचा पडदा माझ्या बाजूला फिरवला. दाखवलं सगळं. गाठ वाटाण्याएवढी आहे. बरं होण्याची शक्यता चांगली आहे, खात्री देता येत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना त्रास होईल, चव जाईल, तोंड कोरडं पडेल. मी लिहिलं, "आवाज?" ते म्हणाले, "बहुतेक येईल. पूर्वीसारखा येईलच असं नाही."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाजाचं.

ऐकून बरं वाटलं असं लिहिणार नाही. बरं वाटलं नाही. जिने उतरताना मी कठडा सोडला नाही. पण निदान कशासाठी धरलाय ते मला माहीत होतं.

आता आईचं. सात वर्षं झाली, एकदा लिहूनच टाकते. आईला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती तुझ्याकडे राहत होती. तू ठरवलंस, तिला सांगायचं नाही, अल्सर म्हणायचं. माझ्याकडून शपथ घेतलीस. एकदा तुझ्या गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिने मला विचारलं, "खरं सांग, मला काय झालंय?" हातात चादर होती, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आणि मी म्हटलं, "अल्सर. औषधाने जाईल." ती म्हणाली, "बरं." आम्ही चादरीची घडी घातली.

तो शब्द तू माझ्या तोंडात घातलास. आई मरायला टेकलेली, तिने मला विचारलं आणि मी तिला फसवलं. म्हणून ती गेल्यावर मी तुला सगळ्या नातेवाइकांसमोर बोलले, जे बोलले ते. तू एक शब्द बोलली नाहीस. उठलीस, आत गेलीस. पुढच्या महिन्यात मुलाकडे निघून गेलीस, एवढ्या लांब. आणि आता तिकडे बसून माझाही अल्सर करायला निघालीस.

एकदा तरी उत्तर दे. माझ्या नवऱ्याला नको. मला.


शुक्रवार, ७ तारीख

ताई,

तुझा रेकॉर्ड केलेला निरोप मिळाला. बुधवारीच मिळाला. तुझा आवाज म्हातारा झालाय. मध्ये मध्ये थांबतेस, पूर्वी थांबत नव्हतीस.

काल मी शेकाला गेले नाही.

सकाळी शिकाऊ गाडी काढली, एकटीने, आणि जिथे पोरांना मागे घ्यायला शिकवते त्या मोकळ्या मैदानात गेले. पिंपांच्या मधून गाडी मागे घेत बसले. मागे, पुढे, मागे. वीस वर्षांत एकाही पिंपाला धक्का लावला नव्हता, काल दोन पाडली. फोन बंद ठेवला. तुझे शब्द ऐकत होते डोक्यात, ते काही बंद होत नव्हते.

तू म्हणालीस, आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्यात पडद्याच्या मागून तिने ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने तुला समोर बसवलं आणि सांगितलं, "मला कळलंय हे धाकटीला कळता कामा नये. ती घर डोक्यावर घेईल. तिला वाटू दे मला ठाऊक नाही, म्हणजे ती माझ्याशी नेहमीसारखी भांडेल. मला तेवढंच हवंय." असं म्हणाली? हेच शब्द? तू शाळेत मुलांकडून पाठ करून घ्यायचीस, म्हणून विचारतेय. हेच शब्द?

म्हणजे गच्चीवर ती मला विचारत नव्हती. मला झेपतंय का, ते तपासत होती. आणि मी तिच्या तोंडावर अल्सर म्हटलं आणि तिने 'बरं' म्हटलं, आणि ती खाली जाऊन तुला म्हणाली असेल, पास झाली.

तुम्हाला काय वाटलं, हे ऐकून मी रडेन? मला इतका राग आलाय की मेलेल्या माणसावर एवढं रागावता येतं हे माहीत नव्हतं. तिच्याकडे काही आठवडे उरले होते आणि ते तिने मला नाटक दाखवण्यात घालवले! मी तिच्याशी त्या दिवसांत पडद्यांच्या रंगावरून भांडले, ताई. पडद्यांच्या! मला कळलं असतं तर मी दुसरं काही बोलले असते. काय, ते माहीत नाही. पण ते बोलायची संधी माझी होती. ती तुम्ही दोघींनी मिळून घेतली.

आणि तू. मी तुला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं, तेव्हा तोंड का नाही उघडलंस? आईला शब्द दिला होता म्हणे. आई गेली होती! सात वर्षं मी चुकीच्या माणसावर चिडून बसले आणि तू मला बसू दिलंस. हा मोठेपणा नाही. माझ्या हातातून अजून एक गोष्ट काढून घेणं आहे.

दुपारी फोन चालू केला. पहिला फोन नवऱ्याचा नव्हता, मशीनवरच्या बाईंचा होता. "खाडा नका करू, वहीवाल्या बाई," म्हणाल्या. "आज काय झालं ते विचारत नाही. पण मधले दिवस गेले की शेकाचा जोर कमी पडतो. शनिवारी मशीन चालू ठेवतोय, तुमचा दिवस भरून काढू." त्यांनी मला समजावलं नाही, गोंजारलं नाही. काय होतं आणि काय करता येईल, तेवढं सांगितलं. मी गाडीत बसून फोनला मान डोलावली. नंतर लक्षात आलं, त्यांना दिसत नाहीये.

घरी गेले तर नवरा पायरीवर बसलेला, दुकान बंद करून. सरकून मला जागा केली. थोड्या वेळाने म्हणाला, "मला काहीही विचार. एकही खोटं बोलणार नाही." मी लिहिलं, "तुला भीती वाटते का?" म्हणाला, "खूप." लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही एवढं सरळ बोललो असू. तरी रात्रीचं ताट मी त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

आज गेले. आईवर रागावून स्वतःचा गळा का घालवू?

केमो सोमवारी आहे. यायचं असेल तर ये. पण ऐक, मला जेव्हा कळेल तेव्हाच तुला कळेल. आधी नाही. डॉक्टरांना एकटीने भेटायचं नाही, नवऱ्याला गॅलरीत न्यायचं नाही. आणि माझ्यासाठी खंबीर वगैरे राहायचं नाही, इथे एक तपासनीस आहेत त्या कामाला.


सोमवार, १० तारीख

ताई,

तू आत स्वयंपाकघरात आहेस आणि मी इथे खोलीत लिहितेय. काल ओरडले त्याचा परिणाम, आज आवाजच फुटत नाहीये. तू सगळीकडे होतीसच, तरी लिहिते, कारण तुला बाहेरून दिसलं ते आणि माझ्या आत चाललं होतं ते वेगळं.

शनिवारी तू दारात म्हणालीस, "बारीक झालीस." मी लिहिलं, "तू जाडी झालीस." बॅग उचलायला मी पुढे झाले, तू झालीस, आणि आपण दोघी तिच्या दोन बंदांना धरून उभ्या. नवऱ्याने शेवटी मधून काढून नेली.

काल तुला घरच्या गाडीतून फिरवायला नेलं तेव्हा माझ्या मनात भांडण नव्हतं. खरंच नव्हतं. पण प्रत्येक वळणावर तू पाय दाबत होतीस. ब्रेक नाही त्या जागी ब्रेक दाबत होतीस, ताई, आणि तुला ते कळतसुद्धा नव्हतं. मी गाडी कडेला घेतली आणि ओरडले. काय निघालं ते आठवतंय, "तिने मला सांगायला हवं होतं! तिने! मला!" रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

तू समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणालीस, "हो. मी तिला म्हटलंही एकदा. तिने ऐकलं नाही, आणि मी फार जोर लावला नाही. मला सोयीचं होतं ते. तू कोसळली असतीस तर मला दोघींना सांभाळावं लागलं असतं. मी थकले होते गं."

तू आयुष्यात माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण खरं वाक्य. मला ते आवडलं नाही. पण त्याच्यावर रागावता येत होतं, नीट, समोरासमोर. म्हणून गाडी सुरू केली.

आज सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तेच केलं. जुनी सवय. आपण तिघं बसलो आणि ते तुझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मोठ्या बहीण ना? बरं झालं आलात. त्यांच्या बाबतीत असं आहे की..." तू म्हणालीस, "माझ्याकडे काय बघताय? तिच्याशी बोला." त्या आवाजात, ज्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. मला हसू आवरेना आणि हसताना गळ्यात कळ आली.

मग सलाईन. नर्सने पिशवी टांगली आणि मी तुला वहीत लिहून दाखवलं, "त्याच्यावर काय लिहिलंय, सगळं वाच." तू चष्मा लावून उभी राहिलीस. पहिलं औषध अडखळत वाचलंस. दुसरं चुकीचं वाचलंस, नर्सने दुरुस्त केलं, तू पुन्हा वाचलंस, पुन्हा चुकलं. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारणारी तू. मग उलट्या होऊ नयेत म्हणूनचं, मग लघवी साफ होण्यासाठीचं. एकही शब्द गाळला नाहीस. माझं नाव वाचलंस, वय वाचलंस. आणि 'कशासाठी' असं जिथे छापलं होतं तिथे आलीस, तिथला तो शब्द मोठ्याने वाचलास, आणि तुझा आवाज फाटला. तू मान वळवलीस, खिडकीकडे, पदराचं टोक डोळ्यांना लावलंस.

माझा राग गेलेला नाही. आईवरचा नाही, तुझ्यावरचा नाही. अजून किती दिवस पुरेल मला माहीत नाही, पुरवून वापरेन.

पण त्या वेळी तू मागे वळायच्या आत मी डोळे मिटून घेतले आणि झोप लागल्याचं सोंग केलं. तू हळूच पांघरूण वर ओढलंस आणि खुर्चीत बसून मोकळेपणी रडलीस. मी जागी होते. तुला रडता यावं म्हणून झोपले होते. तेवढं एक खोटं मी तुझ्याशी बोलले, ते आज लिहून देतेय.